एक तास, चाळीस चेंडू: सैल हातानं स्विंग कसा सुधारतो

प्रश्न गोल्फच्या स्विंगचा, म्हणजे क्लब (चेंडू मारायची काठी) मागे नेऊन चेंडूवर आणायच्या हालचालीचा, आणि थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतात. गोल्फ खेळायला लागून दोन वर्षं झाली. दर रविवारी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दीडशे चेंडू मारतात, शर्ट पिळून काढावा इतका घाम येतो. नऊ नंबरचा आयर्न, म्हणजे तिरक्या तोंडाचा आखूड क्लब, बऱ्यापैकी सरळ जातो, पण ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा सगळ्यात लांब क्लब, हातात घेतला की चेंडू आधी डावीकडे निघतो आणि मग मोठी कमान घेत उजवीकडे पळतो. महिन्यातून एकदा पुण्याला कोर्सवर, खऱ्या खेळाच्या मैदानावर, जातात, तिथं रेंजवर जमलेलं तेवढंही जमत नाही. ते विचारतात, "आणखी किती चेंडू मारले म्हणजे स्विंग बसेल? की आता जिम लावून ताकद वाढवू?"

दोन्ही नको. दीडशेचे चाळीस करा आणि त्या चाळिसांना पुरा एक तास द्या. ताकद तुमच्याकडे लागते त्याहून जास्तच आहे, ती फक्त भलत्या जागी आणि भलत्या वेळी लागतेय. मागच्या पंधरवड्यात तुम्ही पन्हाळा रस्त्याला माझ्या रेंजवर येऊन गेलात, तेव्हा मी तुमच्या मागे उभा होतो. पन्नास चेंडूंची बकेट तुम्ही पंधरा मिनिटांत संपवलीत. म्हणजे अठरा सेकंदाला एक चेंडू. एक चेंडू वाकडा गेला की त्याचा राग पुढच्यावर, तो गेला की त्याचा त्याच्या पुढच्यावर. मधे श्वास नाही, नजर वर नाही, पाय हललेले नाहीत. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही स्विंग शिकत नव्हता, तुमची चूक पन्नास वेळा पाठ करत होता.

मी विसाव्या वर्षी पुण्याला जाऊन कॅडी झालो. नऊ वर्षं लोकांच्या पिशव्या वाहिल्या, नंतर शिकवायला लागलो, आणि आता कोल्हापुरात परत येऊन शेताच्या कडेला आठ मॅट टाकून बसलोय. कॅडीला एक गोष्ट फुकट शिकायला मिळते: तो दिवसाला चार तास दुसऱ्यांचे स्विंग बघतो. त्यात मला दिसलं ते असं, की चांगले खेळणारे सरावाला आले की निवांत असतात. चेंडू मारतात, उभे राहतात, तो पडेपर्यंत बघतात, हातमोजा नीट करतात, मग दुसरा चेंडू ओढतात. ज्यांचा स्विंग वर्षानुवर्षं तसाच राहतो ते बकेट रिकामी करायला आलेले असतात.

आता तुमचा चेंडू का वळतो ते बघू, कारण ते कळलं नाही तर सैल राहायचा सल्ला नुसता धीर दिल्यासारखा वाटेल. चेंडू कुठल्या दिशेनं निघतो हे मुख्यतः आदळण्याच्या क्षणी क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठं आहे त्यावर ठरतं. तो हवेत कुठं वळतो हे ठरतं ते तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. तुमचा क्लब बाहेरून आत, म्हणजे उजव्या खांद्याच्या पुढून तुमच्या डाव्या पायाकडे कापत येतो. तोंड त्या मार्गाच्या मानानं उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहतं. म्हणून चेंडू डावीकडे निघतो आणि उजवीकडे वळतो. ही स्लाइस. नऊ नंबरच्या आयर्नच्या तोंडाला तिरकसपणा जास्त असल्यामुळे चेंडूला उलटी फिरकी भरपूर मिळते आणि बाजूचा झोल त्यात झाकला जातो. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं, त्यामुळे तोच दोष तिथं उघडा पडतो. ड्रायव्हरमध्ये वेगळी चूक नाही. चूक दोन्हीकडे एकच आहे, ड्रायव्हर ती लपवत नाही इतकंच. म्हणून नवीन ड्रायव्हर घ्यायचा विचार असेल तर तूर्त बाजूला ठेवा.

आणि क्लब बाहेरून आत का येतो? वर गेल्यावर तुम्ही "आता हाणतो" म्हणून मूठ आवळता. मूठ आवळली की मनगट अडकतं, मनगट अडकलं की कोपरापासून खांद्यापर्यंत सगळा हात लाकूड होतो, आणि मग खाली यायला एकच गोष्ट शिल्लक राहते, उजवा खांदा. तो पुढे ढकलला जातो आणि क्लब त्याच्याबरोबर बाहेर फेकला जातो. शिवाय क्लबचं तोंड आपोआप बंद व्हायला हाताचा कोपराखालचा भाग थोडा वळावा लागतो. आवळलेला हात वळत नाही. म्हणजे मार्ग बिघडणं आणि तोंड उघडं राहणं, दोन्ही एकाच मुठीतून येतात. वेगाचंही तेच. हात वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी ताणले की ते एकमेकांना धरून ठेवतात. तुम्हाला वाटतं प्रचंड जोर लागतोय, आणि लागतोही, पण तो तुमच्याच हाताविरुद्ध लागतो.

आणखी एक हिशोब सांगतो. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो वेळ साधारण अर्धा मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. वरून खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. इतक्या वेळात माणसाला काही बघून, समजून, सुधारता येत नाही. खाली येताना तुम्ही जे काही मुद्दाम करायला जाता ते उशिराच होतं. जे सुधारायचं ते आधी: उभं राहणं, पकड, सुरुवात आणि चाल. चाल म्हणजे लय. वर जाताना जितका वेळ, त्याच्या साधारण एक तृतीयांश खाली यायला, हे प्रमाण चांगल्या खेळाडूंमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं, मग ते संथ खेळणारे असोत की चपळ. तुमचं मी मोबाईलवर बघितलं. वर जाताना तुम्ही क्लब हिसकून नेता, आणि माथ्यावर तो थांबायच्या आधीच खाली ओढायला लागता.

तुम्हाला हे भट्टीच्या भाषेत सांगतो. साच्यात रस ओतताना घाईनं, हिसका देऊन ओतला तर आत हवा अडकते आणि कास्टिंगला भोकं पडतात. एकसारखी धार सोडावी लागते. त्या धारेत ताकद नसते असं कोण म्हणेल? धारेत अख्ख्या लाडलचं, रस ओतायच्या भांड्याचं, वजन असतं, ओतणाऱ्याचा हात मात्र निवांत असतो.

लहानपणी मी शिवाजी पेठेत मर्दानी खेळ शिकलो. लाठी फिरवायला घेतली की पहिले कितीतरी दिवस माझी लाठी अडखळायची, नडगीवर लागायची. वस्ताद ओरडायचे, "मूठ सोड, लाठी मरतीय!" मी सोडली की लाठी हातातून उडून जायची, तेव्हा आणखी ओरडा. मधली जागा सापडायला महिना लागला. बोटांत पकड आहे, पण मनगट वाहतं आहे. त्याला वस्ताद "सैल" म्हणायचे आणि हातातून सुटणाऱ्याला "ढिला". हा फरक आपल्या भाषेत तयारच आहे, तो गोल्फला जसाच्या तसा लागू पडतो. ढिल्या हातातून क्लब फिरतो, चेंडूला लागताना तोंड वळतं. सैल हातात क्लब पक्का असतो आणि त्याच्या डोक्याचं वजन तुम्हाला बोटांत जाणवत राहतं. वजन जाणवेनासं झालं की समजायचं, मूठ आवळली गेली.

तुमचा हातमोजा मी त्या दिवशी हातात घेऊन बघितला, आठवतं? तळव्याच्या टाचेकडच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, कातडं झिजून रुपयाएवढं भोक पडलंय, आणि अंगठ्याजवळ काळपट डाग आहे. बोटांच्या मुळाशी मात्र मोजा नवा कोरा. हा मोजा तुमचा सगळा स्विंग सांगतो. क्लब तुम्ही बोटांत न धरता तळव्यात धरता. तळव्यात धरलेला क्लब घट्ट आवळल्याशिवाय राहतच नाही, आणि आवळूनही वर गेल्यावर तो सरकतो. म्हणून तिथं भोक. क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळातून तिरका जाऊ द्या, शेवटची तीन बोटं त्याच्याभोवती गुंडाळा, तळव्याची टाच वर टेकवा. वरून बघितल्यावर डाव्या हाताच्या दोन-तीन गाठी दिसायला हव्यात. उजवा हात त्याच्यावर बसवताना करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवा किंवा तिच्यात अडकवा, दोन्ही चालतं. करंगळी वर ठेवायच्या पकडीला हॅरी वार्डनचं नाव आहे. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणारा तो माणूस, पण म्हणून अडकवणारे चूक ठरत नाहीत. पकड नीट बसवा, मग सहा महिने तिला हात लावू नका.

किती दाबायचं, हे मला लोक आकड्यात विचारतात. दहापैकी चार म्हणा. पण आकड्यानं हाताला काही कळत नाही. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर जाऊन उभे राहा आणि म्हैस पिळणाऱ्याचा हात बघा. धार बादलीत वाजेल इतका दाब आहे, पण म्हशीला टोचत नाही. हात कडक झाला की म्हैस पान्हा चोरते. आणि पाच-सहा लिटर दूध निघेपर्यंत तो दाब बदलत नाही, हे जास्त महत्त्वाचं. स्विंगमध्येही पहिल्यापासून शेवटपर्यंत दाब एकच हवा. बहुतेकांचा सुरुवातीला चार असतो आणि माथ्यावर नऊ होतो. तुमचाही तिथंच होतो.

ताण मुठीतून हाकलला की तो दुसरीकडे जाऊन बसतो. चेंडूसमोर उभं राहिल्यावर तीन जागा बघत जा. दात: वरचे-खालचे एकमेकांवर आवळलेत का? बुटातली बोटं: जमीन पकडल्यासारखी वाकलीत का? आणि डावं कोपर: "डावा हात सरळ ठेवा" हे कुणीतरी तुम्हाला सांगितलंय आणि तुम्ही कोपर कुलूप लावल्यासारखं अडकवून ठेवता. हात लांब हवा, अडकलेला नको. मग नाकातून श्वास घ्या, सावकाश सोडा, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी क्लब मागे न्यायला सुरुवात करा. श्वास धरून मारणारा माणूस मला पाठीमागूनही ओळखू येतो. त्याचे खांदे कानाला लागलेले असतात.

आता तासाभराचं बघू. सकाळी साडेसहाला या. उन्हाळ्यात नऊनंतर वारा सुटला की चेंडू वाऱ्यानं वळला की तुमच्यामुळे, हे कळत नाही. आल्या आल्या चेंडूला हात लावायचा नाही. दहा मिनिटं क्लब दोन्ही खांद्यांमागे आडवा धरून कमरेतून सावकाश वळा, गुडघे मोकळे करा. मग ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याकडच्या बाजूनं, आणि हवेत फिरवा. पातळ दांडी हवा कापते तेव्हा "स्वूश" असा आवाज येतो. तो कुठं येतो ते ऐका. पहिल्या वेळी तुम्हाला तो उजव्या खांद्याजवळ ऐकू येईल, म्हणजे तुमचा सगळा वेग चेंडूच्या आधीच खर्च झाला. मूठ सैल करा, माथ्यावर घाई करू नका, आणि आवाज पुढे सरकवत न्या, चेंडू जिथं असेल तिथं आणि त्याच्या जरा पुढे. मी शिकवायला लागल्यापासून यापेक्षा चांगलं साधन मला सापडलेलं नाही. फुकट आहे आणि कानाला खोटं बोलता येत नाही.

पहिले दहा चेंडू वेजनं, म्हणजे जवळच्या फटक्याच्या जास्त तिरक्या क्लबनं, तीस-चाळीस मीटर, जणू कुणाच्या ओंजळीत टाकायचेत. त्यानंतरचे पंधरा सात नंबरच्या आयर्ननं, पाय जोडून. खरंच जोडून, घोटे एकमेकांना टेकवून. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धरलं तर नऊपासून तीनपर्यंतच, म्हणजे मागे डावा हात जमिनीला समांतर होईतो आणि पुढे उजवा. पाय जोडलेले असले की जोर लावताच तोल जातो. शरीर स्वतःच तुम्हाला सांगतं, जास्त झालं. पहिल्या पाच चेंडूंत तुम्ही दोनदा पडाल, दोनदा चेंडूवरून क्लब निघून जाईल. पुढच्या दहांत कधीतरी एक चेंडू असा लागेल की हाताला काही कळणारच नाही, नुसता "टच्" आवाज येईल आणि चेंडू सरळ सत्तर मीटर जाऊन पडेल. तिथं थांबा. लगेच दुसरा ओढू नका. त्या चेंडूत काय वाटलं ते दहा सेकंद आठवत उभे राहा. तो एक चेंडू त्या दिवसाची कमाई आहे.

मग पाय नेहमीसारखे ठेवून दहा चेंडू, पूर्ण स्विंग, पण सत्तर टक्क्यांनी. मनात मोजा: एक, दोन, तीन वर जाताना, चार खाली. बोट मोडून नाही, पाळण्याला झोका देताना मोजतो तसं. आणि प्रत्येक चेंडूनंतर शेवटच्या पवित्र्यात तीन मोजेपर्यंत स्थिर उभं राहायचं: वजन डाव्या पायावर, उजवी टाच वर, पोट लक्ष्याकडे. माझ्या रेंजवर लक्ष्य म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा डावा खांदा. तीन मोजेपर्यंत उभं राहता आलं नाही तर चेंडू कितीही लांब गेला तरी तो मोजायचा नाही. हा नियम कडक पाळा, बाकी सगळ्यात सूट देतो.

उरले पाच. ते ड्रायव्हरचे, आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

मॅटबद्दल एक सावधगिरी. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा निघतो. कोर्सवर तोच क्लब मातीत रुततो. रेंजवर जमतं आणि पुण्याला जमत नाही याचं अर्धं कारण इथं आहे. त्यासाठी चेंडूच्या मागे एक वीत अंतरावर हात पुसायचा पंचा घडी करून ठेवा. क्लब पंच्याला लागला तर आधी टेकला. आयर्ननं चेंडू उचलायचा नसतो, चेंडूला लागून मग जमीन लागली पाहिजे. वर न्यायचं काम क्लबचा तिरकसपणा करतो. आणि पांढऱ्या पाटीवर लिहायच्या पेननं चेंडूच्या मागच्या बाजूला ठिपका काढा, फटका मारल्यावर तो क्लबच्या तोंडावर उमटतो. मधोमध उमटला की कसं वाटतं आणि टोकाला उमटला की कसं वाटतं, हे महिन्याभरात हाताला पाठ होतं. रेंजचे चेंडू टणक आणि वापरून झिजलेले असतात, कोर्सवरच्या चेंडूपेक्षा कमी जातात, म्हणून अंतरावर मन लावू नका.

दीडशे चेंडूंबद्दल मी इतका का चिडतो, ते माझ्या कोपराला विचारा. तिशीत मला वाटलं आपण मोठं खेळू. दिवसाला तीनशे चेंडू, तेही मॅटवर, तेही आवळून. चार महिन्यांत उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ यायला लागली की चहाचा कप उचलवेना. त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, स्नायूची दोरी जिथं हाडाला जोडलेली असते तिथं पुन्हा पुन्हा ताण बसून होतं. फिजिओथेरपिस्टनं क्लबला हात लावायला बंदी केली. त्या सुट्टीत मी रोज रंकाळ्याच्या कठड्यावर बसून नुसता डोळे मिटून स्विंग करायचो, मनातल्या मनात, सावकाश. परत आल्यावर पहिल्या दिवशी वीस चेंडू मारले, आणि ते माझ्या आयुष्यातले तोपर्यंतचे सगळ्यात स्वच्छ वीस चेंडू होते. दुखण्यानं मला जबरदस्तीनं निवांत केलं होतं. तुम्हाला आधीच सांगतोय म्हणजे तुमच्यावर ती वेळ येऊ नये. कोपराच्या आत किंवा कमरेच्या डाव्या बाजूला दुखायला लागलं तर "गरम झालं की जाईल" म्हणू नका, तिथंच थांबा.

रेंजवरचं कोर्सवर का जात नाही, याचं उरलेलं अर्धं कारण असं की रेंजवर तुम्ही एकच क्लब पन्नास वेळा मारता. दहाव्या चेंडूपासून तो आपोआप बरा लागायला लागतो आणि तुम्हाला वाटतं आलं. कोर्सवर प्रत्येक फटका पहिला असतो. ड्रायव्हर एकदा, मग दहा मिनिटं चालणं, मग सात नंबर एकदा. म्हणून शेवटचे पाच ड्रायव्हर सलग मारायचे नाहीत. प्रत्येकाच्या आधी वेजचा किंवा सात नंबरचा, चेंडूशिवाय का होईना, एक मोकळा स्विंग घ्या. मग ड्रायव्हर घेऊन चेंडूच्या मागे तीन पावलं जा, लक्ष्य बघा, श्वास सोडा, पुढे या, उभे राहा, मारा. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद. दर वेळी तीच चाल, तोच क्रम. ती चाल कोर्सवर तुमच्याबरोबर येते. महिनाभरानंतर या पाचांचे दहा करा आणि पाय जोडून मारायचे दहाच ठेवा.

घरी काय करायचं? आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. नेमबाजीत तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं. नेमबाजांच्या सरावाचा मोठा भाग गोळीशिवाय होतो. रायफल उचलायची, श्वास, नेम, रिकामा ट्रिगर, खाली ठेवायची. गोळी नसली की निकालाची धास्ती नसते, आणि धास्ती नसली की हाताला हालचाल नीट ऐकू येते. तुम्हीही रात्री जेवणाआधी गच्चीवर चेंडूशिवाय पंधरा स्विंग करा, इतके सावकाश की एकेक स्विंगला दहा सेकंद लागावेत. माथ्यावर थांबून मूठ तपासा. खाली येताना आधी डावी टाच आणि कंबर, मग हात, हा क्रम बघा. काचेच्या दारात रात्री प्रतिबिंब दिसतं, आरसा वेगळा लागत नाही. जूनपासून इथं पावसात रेंज बंदच असते, तेव्हा हाच सराव तुमचा मुख्य सराव होईल. माझ्याकडे दोन मुलं अशी आहेत की पावसाळ्यात एकही चेंडू न मारता दसऱ्याला जास्त चांगली मारायला लागली.

जिमबद्दल विचारलंत. तब्येतीसाठी जरूर जा, कमरेचा वळसा वाढवणारे व्यायाम करा, पाठीसाठी चांगले. पण स्लाइस दंडानं जात नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणना होत नाही. तिचा स्विंग बघा: कुठं घाई नाही, कुठं हिसका नाही, प्रत्येक वेळी तोच.

पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला वाईट जातील, हे आत्ताच सांगतो. चेंडू कमी जाईल. शेजारच्या मॅटवर कॉलेजची पोरं धाडधाड मारत असतील आणि तुम्ही पाय जोडून सत्तर मीटर मारत असाल. फाउंड्रीत जशी माणसं तुमच्याकडे बघतात तशी इथं कुणी बघत नाही, याची खात्री देतो. स्लाइस एकदम जाणार नाही. आधी कमान लहान होईल, मग चेंडू डावीकडे न निघता सरळ निघून थोडा उजवीकडे पडेल, आणि मग एखाद्या दिवशी तो उजवीकडून डावीकडे वळेल. त्या दिवशी घाबरू नका, काही बिघडलेलं नसेल. तोंड बंद व्हायला शिकलं म्हणून तसं होतं.

एका छोट्या वहीत दर वेळी एकच ओळ लिहा, त्या दिवशीचा सगळ्यात चांगला चेंडू कोणता आणि हाताला काय वाटलं. चुका लिहू नका. व्हिडिओ तासात एकदाच काढा, समोरून एक आणि मागून एक, आणि बघायचा तो घरी गेल्यावर. दर चेंडूनंतर मोबाईल बघणारा माणूस पुन्हा आवळायला लागतो.

येत्या रविवारी साडेसहाला या. वेज, सात नंबर आणि ड्रायव्हर एवढेच आणा, एक पंचा आणा. आणि नवीन हातमोजा आणलात तरी तो भोक पडलेलाही बरोबर असू द्या. नवा कुठं झिजतोय ते आपण दर महिन्याला त्याच्याशेजारी ठेवून बघू.